एका रात्रीपुरतं आमचं झाड

होळीच्या आठवड्यात सुनेने फोनवर एक यादी पाठवली. 'या वसंतात मुलांना घेऊन कुठे जाल' असं यादीचं नाव होतं. त्यात फुलांचं प्रदर्शन होतं, फुलपाखरांची बाग होती, मातीची भांडी करायची कार्यशाळा होती, आणि एका ठिकाणी मुलांना गाईला हात लावू देणार होते. आम्ही दोघं सोलापूरहून कल्याणला मुलाकडे आलो होतो ते आठ वर्षांच्या नातीला, स्वराला, सुट्टीत सांभाळायला. यादीतल्या प्रत्येक ठिकाणी मी चौकशी केली. सगळीकडची नोंदणी भरली होती. गाईचीसुद्धा.

शेवटी मुलाच्या ऑफिसातले केशवभाऊ मदतीला आले. ते शहापूर तालुक्यातल्या शेणव्याहून रोज कल्याणला ये-जा करतात. म्हणाले, "काकी, आमच्याकडं चला. शिमगा बघा. गाई तर आमच्याकडं रस्त्यातच बसल्यात. नोंदणी नाय लागत."

म्हणून आम्ही गेलो. शहापूर आणि मुरबाड हे तालुके बऱ्याच लोकांनी घाट चढता-उतरताना गाडीच्या काचेतूनच पाहिलेले असतात. मीही तेवढेच पाहिले होते. अशा लोकांसाठी हे लिहिते आहे.

शेणवा, होळी

आमच्या सोलापुरात फाल्गुन म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. वसंत ऋतू आम्ही मराठीच्या पुस्तकात शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. इथे तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा होता. पळस फुलला होता, सावरीला पान नव्हतं आणि लाल फुलं मात्र भरपूर होती. स्वराने मला झाडांची नावं विचारली. दोन मला येत होती. बाकीच्यांना मी 'रानटी झाड' म्हणाले. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आहे.

केशवभाऊंच्या पत्नी मंगल यांनी जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट केली होती. यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, भाकरी हातात धरली आणि ती खाली वाकली. आमच्याकडच्या कडक भाकऱ्या महिनाभर डब्यात उभ्या राहतात. हे थोडा वेळ भाकरीकडे बघत राहिले. मग चार खाल्ल्या.

संध्याकाळी होळी. मध्यभागी सावरीचा उंच सोट उभा केला होता आणि भोवती लाकडं, पेंढा, गोवऱ्या. तो सोट जळून कुठल्या दिशेला पडतो त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात. तो पूर्वेला पडला. म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या आणि यांचं मत विचारलं, कारण हे धरणांचे नकाशे काढत असत हे केशवभाऊंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हे म्हणाले, "आमच्या ऑफिसातही साधारण हीच पद्धत होती."

त्यानंतर गावाने बोंब मारली. बायका, पुरुष, पोरं, कोणी मागे राहिलं नाही. स्वरा त्या संध्याकाळी चार नवे शब्द शिकली आणि त्यांचा अर्थ तिने मला विचारला. मी म्हटलं, रानटी झाडांची नावं आहेत.

वैशाखरे, धुळवड

मंगलचं माहेर मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या आत डोंगराच्या कुशीतली एक वाडी. धुळवडीच्या सकाळी ती आम्हाला जीपने तिकडे घेऊन गेली. वाडीतल्या मुलांनी पळसाची फुलं उकळून पाणी केलं होतं. स्वरा अर्ध्या तासात नखशिखान्त केशरी झाली. मंगलचे वडील धर्माबाबा ओटीवर बसले होते. वाडीतली भांडणं मिटवण्याचं काम त्यांच्याकडे असतं. त्या दिवशी एकही भांडण नव्हतं आणि ते जरा कंटाळलेले दिसले.

दुपारी मंगल म्हणाली, "काकी, तुमी वर उतारावर जाऊन बसा. मी जेवन घेऊन आलीच."

आम्ही तिघं वर गेलो. एक मोठं झाड होतं. त्याची पानं बहुतेक गळून गेली होती, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस होते, आणि खाली सपाट जागा. सावली विरळ होती, पण दुसरीकडे तीही नव्हती. अडचण एकच, खाली घोटाभर पालापाचोळा साचला होता.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. या काळात यांनी घरात केरसुणी हातात घेतल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी यांना काय झालं कोण जाणे. यांनी निरगुडीच्या फांद्या तोडल्या, त्यांची जुडी बांधली आणि झाडायला सुरुवात केली. सतरंजीपुरती जागा झाडून थांबतील असं मला वाटलं. हे थांबले नाहीत. बुंध्यापासून बाहेर, फांद्या जिथवर पोचतात तिथवर, अख्खं वर्तुळ यांनी झाडून काढलं. पाला बाहेर एका बाजूला रचला. वर्तुळ उठून दिसावं म्हणून कडेने दगड लावले. तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस, वर्तुळ चुकणार कसं? मी बघत राहिले. मनात म्हटलं, या हातांना हे येत होतं तर.

एवढ्यात चाळिशीतला एक माणूस खांद्यावर पंचा टाकून वाटेने आला. त्याने झाडाखाली बघितलं आणि थबकला.

"कोनी झाडला?"

"मी," हे म्हणाले. सत्काराला उत्तर देताना माणूस जसं बोलतो तसं.

"बरं," तो म्हणाला आणि खाली निघून गेला.

मग दोन बायका आल्या, बघितलं, गेल्या. मग एक म्हातारा आला. मग पुन्हा तीन बायका. सगळ्यांनी जागा नीट पाहिली आणि सगळे परत फिरले. हे मला म्हणाले, "बघ, इथे स्वच्छतेची कदर आहे."

मंगल जेवण घेऊन आली. तिने पातेलं जमिनीवर ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"काय केलात ओ काका! मोह झाडलात?"

तेव्हा आम्हाला कळलं की ते मोहाचं झाड. मोहाची फुलं पहाटेपासून आपोआप गळतात. ती मातीत, पाल्यात हरवू नयेत म्हणून खालची जागा आधी झाडून ठेवतात. ती फुलं वाळवून वर्षभर खातात, पुढे फळं आली की बियांचं तेल काढतात. डोंगरातली ही झाडं कोणाच्या सातबाऱ्यावर नाहीत. वाडीचा नियम असा, की शिमग्याची होळी पेटली की जो ज्या झाडाखाली पहिला झाडेल, हंगाम संपेपर्यंत ते झाड त्याचं. घरं ठरलेली असतात, आपापलं झाड ज्याचा तो झाडतो, कोणी दुसऱ्याच्या झाडाला हात लावत नाही. पण एखाद्या घराने लागोपाठ दोन हंगाम झाड झाडलं नाही, तर त्या घराचं नाव झाडावरून कायमचं जातं.

हे झाड चांगुणाबाईंचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पती गेले. मागच्या हंगामात त्या स्वतः आजारी होत्या, झाडलं गेलं नाही, फुलं गुरांनी खाल्ली. यंदा झाडलं नाही तर झाड गेलं. त्या धुळवडीलाच झाडणार होत्या. पण उंबरमाळीला त्यांची लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली आणि त्यांना होळीच्या आदल्या दिवशी तिकडे धावावं लागलं.

"आनि आता तुमी झाडलात," मंगल म्हणाली.

"पण मग मी त्यांना देऊन टाकतो," हे म्हणाले.

"असा देता येत असता तर काय पायजे होता! चला बाबांकडं."

धर्माबाबांनी सगळं ऐकून घेतलं. भांडण मिळाल्यामुळे त्यांची तब्येत सुधारल्यासारखी वाटली. यांना त्यांनी समोर बसवलं.

"पावने, झाड द्यायला तुमी कोन? झाड देता येत नाय. धरता येतो नायतर सोडता येतो."

"मग मी सोडतो."

"सोडा. झाडलेला पाला आपल्या हातानी परत पसरायचा, का झाड सुटला. तुमी गाव सोडून गेलात तरी सुटला. मंग जो पयला झाडंल त्याचा."

"चांगुणाबाईंच्या नावाने मंगलने झाडलं तर?"

"नावानी चालत नाय. हात ज्याचा, झाड त्याचा."

सोलापुरात असा वाद झाला असता तर दोन वकील लागले असते आणि स्वराच्या लग्नापर्यंत निकाल लागला नसता. इथे सगळा कायदा पाच वाक्यांत संपला. त्यातून एकच वाट निघत होती. पाला पसरायचा, पण चांगुणाबाई खराटा घेऊन समोर उभ्या असतील तेव्हाच. तोवर झाड आमच्याच नावावर राहू द्यायचं. आमचा हात होता म्हणून दुसऱ्या कोणाचा लागत नव्हता.

आणि दुसरा कोण, तेही मंगलने सांगितलं. "तो पंचावाला आला होता ना, तो लहू. तिचा सख्खा दीर. बापाचा झाड मोठ्या भावाकडं गेला, तवापासना याच्या पोटात दुखतंय. भाऊ मेला, आनि दोन वर्सं झाली, वयनीशी बोलत नाय. होळी पेटल्यापासना झाडाकडं चकरा मारतोय. टपलाय मेला."

मंगलने उंबरमाळीला फोन लावला. चांगुणाबाई म्हणाल्या, उद्या पयल्या गाडीनं निंगते. उंबरमाळीहून कल्याण, कल्याणहून एसटीने मुरबाड, मुरबाडहून मिळेल त्या वाहनाने वैशाखरे, आणि तिथून चालत. आमची परतीची जीप दुसऱ्या दिवशी अकराला ठरली होती आणि संध्याकाळची सोलापूरची गाडी आरक्षित होती. सगळं जमून आलं तर त्या दहापर्यंत पोचणार होत्या. एसटीच्या बाबतीत सगळं जमून येतं असं मी अजून पाहिलेलं नाही.

सोलापूरचा फ्लॅट घेतला त्या रात्री हे घोरत होते. या झाडाच्या मालकीने मात्र यांची झोप उडवली.

वैशाखरे, दुसरा दिवस

उजाडायच्या सुमाराला आम्ही वर गेलो, तर लहू आधीच येऊन बसला होता. वर्तुळाच्या अगदी कडेला, दगडावर. मांडीवर नवा कोरा खराटा आडवा.

यांनी त्याला नमस्कार केला. त्यानेही केला. मग हे वर्तुळात जाऊन बुंध्याला पाठ लावून उभे राहिले, आणि दोघं एकमेकांकडे न बघता एकमेकांवर लक्ष ठेवून राहिले.

फुलं पडत होती. मोहाचं फूल म्हणजे पाकळ्या नव्हेत. पिवळट, रसाळ, मण्यासारखा गोळा. वर काही हलत नाही आणि खाली टप आवाज येतो. वास गोड आणि जरा जड, गुळाच्या ढेपेजवळ येतो तसा. स्वरा पाटी घेऊन वेचत सुटली. मंगलने तिला सांगितलं की फूल ओरबाडायचं नाही, दोन बोटांनी उचलायचं आणि पाटीत हलकं सोडायचं. स्वरा पहिल्या पाच मिनिटांत चौदा वेचून तीन खात होती. नंतर प्रमाण उलटं झालं. मीही एक खाल्लं. आधी गोड लागलं, मग घशाशी थोडं तुरट. मला आवडलं. वाकून वाकून कंबर धरली, पण इतक्या वर्षांत एवढी छान सकाळ माझ्या वाट्याला आली नव्हती, हे कबूल करते.

मंगलने फ्लास्कमधून चहा आणला. आम्ही चौघांनी घेतला. लहू दहा हातांवर बसला होता. सोलापुरात भांडायला आलेल्या माणसालाही आधी चहा विचारतात, मग भांडतात. मी त्याला विचारला नाही. विसरले नाही, ठरवून विचारला नाही. विधवा भावजयीच्या झाडावर टपून बसलेल्या माणसाला माझ्या हातून चहा मिळणार नाही, असं मी मनात म्हटलं. फ्लास्कचं झाकण लावलं, आणि ते त्याला दिसेल असं लावलं.

सकाळभर अधूनमधून उतारावरून माणसं येत होती. दोघा-तिघांच्या हातात खराटे होते. पाहुणे आज जाणार हे वाडीभर झालं होतं. ती माणसं यायची, लहूला बघायची, थोडी रेंगाळायची आणि परत जायची. त्याचा इथे दरारा आहे, असं मी अनुमान काढलं. शाळेत असे दोन-तीन पालक असायचे.

दहा वाजले. साडेदहा वाजले. फुलं पडायची थांबली होती. अकराला खालून जीपचा हॉर्न आला. मग दुसऱ्यांदा आला. मी यांना म्हटलं, गाडी चुकेल. हे म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी जागा सोडणार नाही." सदतीस वर्षांत मी यांना एवढ्या ठाम आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. भाजी आणायला सांगितलं तर हे 'बघू' म्हणतात.

तिसऱ्या हॉर्नला चांगुणाबाई चढणीवर दिसल्या. बारीक अंगाच्या, पन्नाशीच्या. लुगडं वर खोचलेलं, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात वाटेत तोडून बांधलेला खराटा. धापा टाकत होत्या. त्यांनी आधी झाडलेली जागा पाहिली, मग लहूच्या मांडीवरचा खराटा पाहिला, आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या माणसाशी दोन वर्षांत त्यांचं पहिलं वाक्य झालं ते असं:

"झाडलात ना, भावजी."

"मी नाय," लहू म्हणाला. "पावन्यांनी."

त्यांनी यांच्याकडे पाहिलं. पॅन्ट, इन केलेला शर्ट, खिशाला पेन. चेहऱ्यावरून त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. मंगलने घाईघाईने सगळं सांगितलं. त्यांनी वर्तुळाला एक फेरी मारली.

"बरा झाडलाय," त्या म्हणाल्या. "मुळाशी पाला ऱ्हायलाय."

हे खजील झाले. मग कडेच्या ढिगातून कवेत पाला घेऊन यांनी तो वर्तुळात पसरायला सुरुवात केली. चांगुणाबाई खराटा घेऊन तयार. मी लहूच्या हातांवर नजर ठेवून. शेवटची कव पसरली आणि हे बाजूला झाले. आता झाड कोणाचंच नव्हतं.

लहू उठला. त्याच्या हातात खराटा होता.

मी मध्ये गेले. बासष्ट वर्षांची, निवृत्त मुख्याध्यापिका, दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं, वाकला, ज्या दगडावर बसला होता तो उचलून चार हात मागे नेला, आणि त्याच्यावर परत बसला. दगड चांगुणाबाईंच्या झाडण्याच्या वाटेत येत होता.

मी हात खाली घेतले.

चांगुणाबाईंनी झाडलं. रात्रभर लेकीपाशी जागून, तीन वाहनं बदलून आलेली बाई. मध्ये दोनदा कमरेवर हात ठेवून थांबली. कोणी मदत केली नाही, करता येत नव्हती. बुंध्याशी बसून त्यांनी मुळांच्या खोबणीतला पाला बोटांनी काढला. वर्तुळ पुरं झालं तेव्हा लहू उठला आणि पंचा झटकला.

"भावजी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कवाधरना बसलाव?"

"उजाडायच्या आधीपासना."

"खराटा घेऊन?"

"खराटा बघून बाकीचे मागं फिरले. त्यांना वाटला, मी झाडनार."

"मंग झाडला का नाय?"

"झाडला आसता त माझा झाला आसता."

चांगुणाबाईंनी खराटा बुंध्याला टेकवून ठेवला. पदराने तोंड पुसलं, आणि ते बराच वेळ पुसलं.

"उद्या पाटी घेऊन या," त्या म्हणाल्या. "एकटीच्यानं एवढा येचवत नाय मला."

"बरं."

मला लाज वाटली. अशी लाज वाटली की वर बघवेना. पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की पुरतं कळल्याशिवाय कोणाबद्दल मत करून घेऊ नका, आणि सकाळपासून त्या माणसाचं मी काय काय करून ठेवलं होतं. फ्लास्कमध्ये थोडा चहा होता. तो मी झाकणात ओतला आणि त्याच्यापुढे धरला.

"लहूभाऊ, चहा घ्या."

"नको, मावशी. आता कामाला जायचाय," तो म्हणाला. "सकाळी आसता त घेतला आसता."

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच उशीर झाला होता. तो भराभर उतरून गेला.

झाकणातला चहा जीपमध्ये यांनी मला विचारला. मी नको म्हटलं, तर यांनी घेतला.